डेल्फिनबायचा काना

खालच्या पाखाडीतल्या डेल्फिन मिस्किटावर 'थँक्यू' म्हणायची वेळ आली, की तिचं तोंड कच्ची कैरी चावल्यासारखं व्हायचं. थँक्यू म्हणजे कुणीतरी काहीतरी दिलं. आणि दिलं म्हणजे तो उद्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सांगणार, "अरे, त्या डेल्फिनला मीच तर..."

हे वाक्य तिने एकोणिसाव्या वर्षी ऐकलं होतं, तेही बापाच्या मयताला. बाप पेटीत, अंगात काळा कोट, लोक रांगेने येऊन क्रूस करून जातायत, आणि एक पाहुणा शेजारच्याच्या कानात कुजबुजतोय. पाखाडीतलं कुजबुजणं म्हणजे चर्चच्या फाटकाबाहेरच्या फुलवालीलाही ऐकू जाणारं. "कोट माझा हाय. मी दिला." डेल्फिनने मयत उरकू दिलं. ती तेव्हा अंधेरीला बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला नुकतीच लागली होती. पगार झाल्यावर तिने नवा कोट शिवून घेतला आणि पाहुण्याच्या दारातल्या खिळ्याला नेऊन टांगला. पाहुण्याच्या मापापेक्षा चांगला दुप्पट.

"माप घेतलं नाय," ती म्हणाली, "तुमचं मन जेवढं मोठं वाटलं तेवढा शिवला."

तेव्हापासून पाखाडीत कुणी तिला काही द्यायचं म्हटलं, की आधी पळायची वाट बघून ठेवायचा. पुतण्या नोएल एकदा विसरला. पावसात ती डबे घेऊन उभी होती, तर त्याने गाडी थांबवली. "बस ना आंटी, चिल, मी सोडतो." ती बसली. दुसऱ्या दिवशी तिने भाडं म्हणून जिवंत चिंबोऱ्यांची पिशवी त्याच्या मागच्या सीटवर ठेवली. पिशवीचं तोंड सैल होतं. एक चिंबोरी सीटखाली गेली ती गेलीच, आणि पुढे कित्येक दिवस नोएल गाडीत बसला की आधी पाय वर घ्यायचा आणि मग चावी फिरवायचा.

कारखाना बंद पडला, नवरा गेला, मुलगी लग्न होऊन वसईला गेली, आणि डेल्फिनबाय फुगिया तळायला लागली. फुगिया म्हणजे आंबवलेल्या पिठाचे, मुठीतून पिळून तेलात सोडलेले टम्म गोळे. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, लग्नाच्या जेवणात त्या दिसल्या नाहीत तर लोक नवरानवरीकडे संशयाने बघतात. डेल्फिनबायच्या फुगिया आज घाटकोपरला, उद्या दिंडोशीला, परवा मुलुंडला जायच्या. नेणारी तीच. गुडघे बोलायचे, ती त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलायची.

नेणारी ती, पण नेणार कशाने? खालची पाखाडी ही जुनी गावठाणी वस्ती मरोळच्या मागे, उताराच्या तळाला. रिक्षावाला वरच ब्रेक मारतो. "अंदर नहीं जाएगा आंटी, रिव्हर्स कौन मारेगा?" मग राहते ती बस. छोटी, आखूड, बोनेटवर ठोकलेली, पण गल्लीत शिरून थेट पाखाडीतल्या क्रुसापाशी वळणारी. ड्रायव्हर कोणीही असो, डेल्फिनबाय हात दाखवायची, बस थांबायची, डबे चढायचे, ती तिकीट काढायची आणि खिडकीबाहेर अशी बघत बसायची जणू मागे अख्खं वऱ्हाड येतंय. कुणाला विचारायचं नाही, कुणाला थँक्यू नाही. या बसमुळे ती अजून पाखाडीत राहत होती. मुलगी दर रविवारी फोनवर म्हणायची, "मम्मी, वसईला ये. इथे सगले हायत तुला बघायला." बघायला! तेच तर नको होतं.

आणि एका सकाळी बसथांब्यावर नोटीस लागली.

डेल्फिनबाय कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी तिच्या जिभेवर जन्मापासून, पण डोळ्यांपर्यंत कधी पोचलीच नव्हती. देवनागरी ती काटे काढत मासा खावा तशी वाचायची, अक्षर तोंडात घेऊन, चाचपून, मग गिळून. "सर्व... सम्बन्... सम्बन्धितांस... कलविन्यात येते की..." मागे शकु उभी. ही वरच्या टॉवरमध्ये घरकाम करायची, राहायची पाखाडीत, नोएलने भाड्याने दिलेल्या खोलीत. ती म्हणाली, "आंटी, चष्मो घाल गो."

"घातलाय. हा बघ. सदर मार्ग तोट्यात... बंद करन्याचे..." डेल्फिनबायचा आवाज चढला. "बंद! आनि चालू ठेवायचा झाला तर मालमत्ताधारकांवर वाहतूक... उ... प... क... र."

ती अडली. उपकर हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. उपकार मात्र ऐकला होता, पोटभर.

"काना पुसला गेलाय," ती म्हणाली. "छापताना झोपले असतील." आणि तिने पर्समधून जाडं मार्कर काढलं. डब्यांच्या झाकणांवर गिऱ्हाइकांची नावं घालायचं ते. त्या मार्करने नोटिशीतल्या 'क'च्या पुढे एक ठसठशीत काना ओढला. मागे होऊन बघितलं. सरळ आला होता.

शकुने मान वाकडी करून वाचलं, "'वाहतूक उपकार आकारणे'. ह्या काय ता?"

"सरकारी मराठी हाय. पन अर्थ कललाय मना."

संध्याकाळपर्यंत तो अर्थ सगळ्या पाखाडीला कळला. ज्याला वाचता येत होतं त्याने काना वाचला, ज्याला येत नव्हतं त्याला डेल्फिनबायने वाचून दाखवला. क्रुसाच्या ओट्यावर सभा भरली. "बस देतात तर काय उपकार करतात?" "आमच्या भाताच्या शेतातून रस्ता नेला, तवा कोनी बोलला उपकार?" "आनि उपकार मालमत्तेवर! मंजे घरावर लिहिनार काय, ह्यांच्यावर उपकार केलेला हाय?" नोएल मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "आंटी यार, टॅक्सचं काहीतरी असेल," पण त्याचं ऐकतो कोण. त्याला सगळं काहीतरीच वाटायचं.

तिसऱ्या दिवशी चढावरच्या टॉवरचे सेक्रेटरी मार्तंड टिपणीस पाखाडीत उतरले. रिटायर्ड माणूस, शर्ट इस्त्रीचा, वाक्यं त्याहून इस्त्रीची. प्रत्येक वाक्याआधी 'म्हणजे असं बघा' लावायची त्यांची पद्धत होती, ट्रकच्या मागे हॉर्न प्लीज असतं तशी. हातात पेढ्यांचा पुडा.

"म्हणजे असं बघा, डेल्फिनताई, आमच्या टॉवरचासुद्धा याला ठाम विरोध आहे. शनिवारी सुनावणी आहे, शाळेच्या हॉलमध्ये. आपण दोघं एकाच बाजूला आहोत."

"कंची बाजू?"

"विरोधाची."

"ती तर माझीच बाजू," डेल्फिनबाय म्हणाली. "तुमी या त्या बाजूला, जागा हाय." आणि पेढे टेबलावर टेकायच्या आत टिपणिसांच्या हातात फुगियांची पिशवी आली. हिशोब मिटला.

"म्हणजे असं बघा, पहिलं भाषण तुम्हीच करा. स्थानिक आवाज. आम्ही बोललो की लोक म्हणतात, टॉवरवाले."

ते गेल्यावर शकु दारातून म्हणाली, "पण आंटी, विरोध केलो आणि बस बंद झाली तर?"

"बंद कशी होईल? उपकार नाय घेनार, बस घेनार."

"ता कसा काय?"

डेल्फिनबायने पीठ मळायला घेतलं. तिला उत्तर माहीत नसलं की ती पीठ मळायची, आणि त्या दिवशी तिने भरपूर मळलं.

शनिवारी हॉल भरला. टॉवरवाले पंख्यांखाली, पाखाडीवाले खिडक्यांशी. स्टेजवर सुनावणीच्या अधिकारी जयंती वाळिंबे. कोणी काहीही म्हणालं, की त्या "नोंद घेतली" म्हणायच्या, मशीनमधून तिकीट निघावं तशा एका सुरात. "गटारं तुंबलीत मॅडम." "नोंद घेतली." "हा विषय नाहीये त्यांचा मॅडम." "त्याचीही नोंद घेतली."

डेल्फिनबाय उभी राहिली. माईक बाजूला सारला. तिला तो अपमान वाटला.

"माझं नाव डेल्फिन मिस्किटा. मी खालच्या पाखाडीत जन्मली, खालच्या पाखाडीतच मरनार. आमची शेतं तुमच्या रस्त्यात गेली, आमची विहीर तुमच्या पार्किंगखाली हाय. आमी बोंब मारली नाय. मी आजवर एक दिवस बसमध्ये फुकट चढली नाय. कंडक्टर बोलला, आंटी, सुट्टे नायत, राहू द्या, तर दुसऱ्या दिवशी त्याला शोधून दिले. आनि आता तुमी बोर्डावर लिहिता, की बस चालवायची तर आमच्यावर उपकार करनार! नको! आमाला उपकार नको! तुमचा उपकार तुमच्या घरी न्या!"

पाखाडीने टाळ्या वाजवल्या. टॉवरने त्याहून जास्त वाजवल्या. टिपणीस तर उभे राहून वाजवत होते.

वाळिंबेबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नोंद घेतली नाही. "मिसेस मिस्किटा," त्या म्हणाल्या, "त्यात काना नाहीये."

"कान हायत मना. दोन."

"कान नाही हो, काना. शब्दात. तो उपकर आहे. उप, कर. घरपट्टीला जोडून येणारा छोटा कर. या भागातल्या घरमालकांनी थोडा थोडा भरायचा, त्यातून बसचा तोटा भरून निघेल, असा प्रस्ताव आहे."

हॉल असा हसला की खिडकीवरचं कबुतर उडालं. टॉवर हसला, पाखाडी हसली, शिपाई हसला. नोएलने रुमालात तोंड घातलं. मागून कोणीतरी ओरडलं, "आंटी, मार्कर कुठाय?"

डेल्फिनबाय कानांपर्यंत लाल झाली. दुसरं कोणी असतं तर खाली बसलं असतं. तिने पदर खोचावा तशी पर्स काखेत खोचली.

"हसून झालं? आता थांबा. मॅडम, मंजे कोनी आमाला देत नाय?"

"नाही."

"आमीच भरायचा?"

"हो."

"मग बस कोनाची?"

असा प्रश्न वाळिंबेबाईंच्या कागदावर नव्हता. "म्हणजे... तुमचीच म्हणा."

"म्हना नको. हाय का नाय?"

"आहे. तुमचीच."

"मग आधी सांगायचा ना, बाय! माझी हरकत मागे. लिहा. डेल्फिन मिस्किटाचा उपकराला पाठिंबा हाय. बिनकान्याचा."

आता टिपणिसांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या तोफेला त्यांनी स्वतः ढकलत मैदानात आणलं होतं, तिने गर्रकन तोंड फिरवलं होतं. पण माणूस लेचापेचा नव्हता. उठले, आणि या खेपेला 'म्हणजे असं बघा' म्हणायचंही विसरले.

"मी नोकरीभर बसने गेलो. उभ्याने. माझं बसशी वैर नाही. पण आमच्याकडे पाणी टँकरचं, कचऱ्याची खटपट आमची आम्ही करतो, रस्त्यावरचे दिवे गेले तर वर्गणी काढतो. आणि आता जिच्यात मी चढणार नाही, तिचाही भार माझ्या पेन्शनवर? बस शहराची आहे, तर अख्ख्या शहराने सोसावी. आमच्या टॉवरनेच का?"

टाळ्या पडल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या.

"बरोबर बोलला," डेल्फिनबाय म्हणाली. "शहराने द्यायला पायजे. तुमी जाऊन शहराला सांगा, मी पन येते ओरडायला. पन शहर हो बोलेपर्यंत मी डबे घेऊन क्रुसापाशी उभी राहू काय?"

"त्याची सोय करू ना! टॉवरची गाडी आहे, सकाळी रिकामीच असते. पाखाडीतल्या ज्येष्ठांना मेट्रोपर्यंत सोडू. फुकट! माणुसकी म्हणून."

हॉल खूष झाला. बस नको, कर नको, आणि वर माणुसकी. पाखाडीतलेही दोघेतिघे माना हलवायला लागले. नोएल पटकन म्हणाला, "बेस्ट आहे आंटी! डील कर."

डेल्फिनबाय सगळा हॉल ओलांडून टिपणिसांसमोर येऊन उभी राहिली.

"टिपणीसभाऊ, पहिल्या दिवशी तुमचा ड्रायव्हर बोलेल, या ताई, बसा. मग एक दिवस बोलेल, डबे नको, शीटला तेल लागतं. मग बोलेल, आज साहेबांना एअरपोर्टला जायचंय. आनि मग मी रोज सकाळी तुमच्या गेटवर वॉचमनला विचारनार, आज येऊ का? मी! बसला मी हात दाखवते ना, तो विचारायला नाय दाखवत. थांब बोलायला दाखवते."

टिपणीस खाली बसले.

तेवढ्यात शकु उठली, आणि ती काही डेल्फिनबायच्या बाजूने उठली नव्हती. "आंटी, तू बोलतंस ता झकास. पण घरपट्टी वाढली काय ह्यो नोएल माझा भाडा वाढवतलो. तुझो काना गेलो, पण काटो माका लागतलो."

"शकु," टिपणीस आपल्या कामवालीला म्हणाले, "तू मालमत्ताधारक नाहीस. तुझा इथे संबंध काय?"

"माझो नाय तर साहेबांच्या चायचो संबंध असा. साहेबांका सात वाजता चाय लागता. त्याआधी माका मेट्रोकडचा काम असता, थयसून येवक बस नसली तर ती नवाक गावतली."

पुन्हा हशा. पण डेल्फिनबाय हसली नाही. ती नोएलकडे वळली. "वाढवशील?"

"आंटी, यार, ते मार्केटवर..."

"वाढवशील?"

"बघू."

"बघू नको. अख्ख्या हॉलसमोर बोल."

नोएलने परत मोबाईलमध्ये डोकं घातलं. शकु त्याच्याकडे बघत तशीच उभी राहिली. हा प्रश्न डेल्फिनबायला आवाजाने सोडवता आला नाही, आणि ते तिला कळलं.

वाळिंबेबाईंना वाटलं, आता आपण काहीतरी गोड बोलावं. "मिसेस मिस्किटा, तुम्ही कशाला एवढा त्रास करून घेताय? गावठाणातल्या लहान जुन्या घरांना प्रस्तावात सवलत आहे. तुम्हाला पूर्ण माफी आहे."

"माफी?" डेल्फिनबाय म्हणाली. "कशाची माफी? मी काय गुन्हा केला?"

"नाही नाही, करमाफी. तुम्हाला भरायचंच नाही. तुमच्यासाठी बस अशीच."

"अशीच मंजे?"

"अशीच म्हणजे... अशीच."

"मंजे उद्या हे भाऊ बोलनार, डेल्फिनची बस आमच्या पैशावर चालते." टिपणिसांनी मान हलवली नाही, पण ते तसं बोलणार होते हे त्यांच्या भुवयांवरून हॉलला कळलं. "मना माफी नको. मी मागितली नाय. ज्यांना पायजे त्यांना द्या, शकुच्या खोलीला द्या, मंजे हा नोएल तोंड उघडनार नाय. माझ्या घरावर लावा."

"तशी तरतूद नाही."

"मग तरतुदीला बोलवा, मी तिच्याशी बोलते."

वाळिंबेबाईंनी पेन उचललं. "नोंद घेतली," त्या म्हणाल्या, पण या खेपेला त्यांनी खरंच काहीतरी लिहिलं.

उपकराच्या बाजूने हात वर करायला सांगितले तेव्हा पाखाडीचे हात एकेक करून वर गेले. खुशीत कुणीच नव्हतं, घरपट्टीवर कोण खूष असतो? पण आता खाली ठेवला तर डेल्फिनबाय नाव घेऊन विचारेल, ही धास्ती मोठी. शकुने हात अर्धाच वर केला. टॉवरचे बरेच लोक कंटाळून आधीच घरी गेले होते. टिपणीस राहिले आणि त्यांनी विरोधात हात वर केला, कोपर न वाकवता. खोलीच्या भाड्याबाबत शकुने लिहून दिलं, म्हणजे तिने सांगितलं आणि वाळिंबेबाईंनी लिहिलं.

उपकर लागला. भाड्याच्या लहान खोल्यांना सवलत मिळाली. बस राहिली, तेवढीच आखूड, तेवढीच ठोकलेली. घरपट्टीची बिलं आली तेव्हा डेल्फिनबायच्या बिलावर उपकराच्या पुढे एक आडवी रेघ होती. तिने चष्मा पुसला, परत बघितलं, आणि पहिली बस पकडून वॉर्ड ऑफिस गाठलं.

खिडकीवरचा पोरगा भला होता. "मावशी, तुम्हाला लागू नाही."

"मना लागू कर."

"सिस्टम घेत नाही हो."

"मग शिष्टीमला शिकव. मी हाय इथे."

आणि ती बाकावर बसली. शेजारी टिपणीस होते. हातात त्यांचं बिल, आणि त्यांच्या बिलावर उपकराच्या पुढे रेघ नव्हती, चांगला जाडजूड आकडा होता.

"भरायला आला?" डेल्फिनबायने विचारलं.

"निषेधासह भरतोय," टिपणीस म्हणाले. "मागच्या बाजूला लिहिलंय तसं."

"घेतात?"

"निषेध घेत नाहीत. पैसे घेतात."

"माझे ते पन घेत नायत."

टिपणिसांनी तिच्या बिलावरची रेघ आणि आपल्या बिलावरचा आकडा ताडून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे असं बघा, तुम्हाला हवा आहे आणि लागत नाही. मला नको आहे आणि लागतो. माझाच थोडा तुम्ही..."

"टिपणीसभाऊ!"

"नाही, नाही. चुकलो."

खिडकीतल्या पोराने जेवणाची सुट्टी झाल्याची पाटी लावायला हात वर केला. डेल्फिनबाय उठली, गुडघ्यांना एक शिवी दिली आणि पाटीच्या खालून हात आत घातला. "ए बाला, थांब. तुझ्या साहेबांचं टेबल कुठं हाय, ते दाखव. नुसतं दाखव. जाईन मी माझ्या पायाने."

टिपणीसही उठले. त्यांचा निषेध कोणत्या टेबलावर घेतात, हे त्यांनाही विचारायचं होतं.